रोग प्लेटीला, औषध बेरिंगला



आमच्या कौंडण्यपुरातून श्रीकृष्णाने रुक्मिणीमातेला रथात घेतले आणि तो रथ थेट द्वारकेला जाऊन थांबला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या चार घरांच्या सामाईक मालवाहू जीपला मात्र गेल्या हंगामात गावची शीव ओलांडणे जड गेले. वावरात कापूस फुटलेला, वेचणी सुरू, घरात गंजी लागलेली, आणि गाडी निंबाखाली बोनेट उघडून उभी. एका हंगामात तीन वेळा ती बंद पडली. तिन्ही वेळा आम्हाला एकच उत्तर मिळाले, "बेरिंग गेलं."

तीन बेरिंगचे पैसे आम्ही मोजले. तीन वेळा मजुरी दिली. तीन वेळा भाड्याच्या गाडीत कापूस भरून बाजार गाठला आणि उशिरा पोहोचलो म्हणून मिळेल त्या भावात रिकामा केला. शेवटी कळले काय? दोष बेरिंगमध्ये नव्हताच!

हे आम्ही रडगाणे म्हणून लिहीत नाही. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, जीप आहे, पिकअप आहे, त्या प्रत्येकाला ही चाट आज ना उद्या बसते. ज्याच्या घरी यातले काही नाही त्यालाही ती बसते, कारण नांगरटीच्या आणि भाड्याच्या दरात ती त्याच्याकडूनच वसूल होते.

काय घडले

गाडीचे इंजिन धूर ओकू लागले होते. चार घरांनी पैसे जमवले, इंजिन उतरवले आणि बोअर करायला अमरावतीला पाठवले. काम चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. इंजिन परत आले आणि एका मेस्त्रीने ते एका दिवसात गाडीत बसवून दिले. त्या मेस्त्रीचे नाव आम्ही घेणार नाही. आमचे भांडण एका माणसाशी नाही, हे पुढे वाचल्यावर कळेल.

इंजिन सुरू झाले, आवाज गोड आला, आम्ही नारळ फोडला. गाडी मागे घ्यायला रिव्हर्स टाकला तर गिअर किरकिरला. क्लच पुरता सुटत नव्हता. मेस्त्रीने गाडीखाली जाऊन क्लचची दांडी दोन-चार आटे आवळली. गिअर पडू लागला. तो म्हणाला, "झालं भाऊ, आता काई फिकर नाई." आठ दिवसांत पेडल दाबले की पिठाच्या गिरणीसारखा घरघराट येऊ लागला, आणि पंधराव्या दिवशी गाडी उभी.

बेरिंग बदलले. दांडी पुन्हा तेवढीच आवळली. पुन्हा घरघर. तिसरे बेरिंग आणले, तेव्हा दुकानदाराने "कंपनीचं घ्या, लोकल कायले घेता" म्हणून दुप्पट भावाचे दिले. तेही गेले.

मग आमच्यातल्या एकाला एसटीच्या डेपोत आयुष्य घालवलेले एक निवृत्त मेस्त्री आठवले. म्हातारे आले, गाडी सुरू करायला लावली, पेडल हळूहळू दाबले, हळूहळू सोडले, आणि एकच प्रश्न विचारला, "इंजिन बसवताना गिअरबॉक्स हातानं सरकली होती, का बोल्टानं ओढली होती?"

आमच्यातला एक जण त्या दिवशी टॉर्च धरून उभा होता. तो म्हणाला, "बोल्टानं ओढली, बाबा. अंधार पडला होता."

म्हातारे म्हणाले, "मग बेरिंगले काहून शिव्या देता?"

बेरिंग काय करते, आणि का मरते

भावांनो, हा भाग नीट वाचा. तो समजला की पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सहज गुंडाळू शकणार नाही.

इंजिनाच्या मागे जड चाक असते, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लचप्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. गिअरबॉक्समधून निघणारा दाताळा शाफ्ट क्लचप्लेटच्या मधोमध शिरतो. पेडल दाबले की एक फोर्क पुढे सरकतो आणि रिलीज बेरिंगला प्रेशर प्लेटच्या बोटांवर ढकलतो. बोटे दबली की प्लेट मोकळी होते आणि इंजिन चाकांपासून सुटते. फोर्क स्थिर, बोटे गरगर फिरणारी, आणि या दोघांच्या मध्ये सोसणारे ते बेरिंग. जुन्या गाड्यांत आणि बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत या बेरिंगचे काम फक्त पेडल दाबलेले असेल तेवढाच वेळ असते. पाय उचलला की ते मागे सरून विश्रांती घेते. ती विश्रांती मिळावी म्हणून पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. साधारण बोटभर रुंदीची ही चाल असते. नेमका आकडा ज्या त्या गाडीचा वेगळा.

आमच्या गाडीत काय झाले ते आता पहा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना शाफ्टचे दात प्लेटच्या दातांत सरळ गेले नाहीत. अशा वेळी जॅक खालीवर करून गिअरबॉक्स इंजिनाच्या समपातळीत आणायची असते, शाफ्ट थोडा फिरवून दात जुळवायचे असतात. दोन्ही तोंडे हाताच्या जोराने एकमेकांना टेकली की मगच बोल्ट लावायचे. इथे गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लोंबकळत सोडले आणि लांब बोल्ट लावून पान्याने ओढून घेतले. प्लेटचा मधला भाग वाकला. वाकलेली प्लेट पेडल दाबले तरी पुरती सुटेना, फ्लायव्हीलला घासत राहिली, म्हणून रिव्हर्स किरकिरला. हा झाला मूळ रोग.

त्यावर औषध काय दिले? दांडी आवळली. आवळल्याने फोर्क जास्त पुढे गेला आणि गिअर पडला खरा. पण मोकळी चाल संपली. पाय पेडलवर असो वा नसो, बेरिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटांवर दाबलेले. ते तापले, त्यातले ग्रीस पातळ होऊन निघून गेले, कोरडे पडले, घरघरले आणि जळाले. नवे टाकले, दांडी तशीच, तेही जळाले. बैलाला रात्रंदिवस जुंपून ठेवायचे आणि मेला की नवा बैल आणायचा, असला हा कारभार!

गाडी खोलल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. इंजिन आणि क्लचचे घर एका रेषेत धरणाऱ्या दोन पोलादी खुंट्या असतात. मेस्त्री त्यांना डॉवेल म्हणतात. त्यातली एक बसवलीच नव्हती. ती आमच्याच घरी बोल्टांच्या डब्यात सापडली. आणि दुसरी गोष्ट, सगळ्या सामानाबरोबर नवे बेरिंगसुद्धा डिझेलच्या टोपल्यात बुडवून 'स्वच्छ' करून बसवले होते. हे बेरिंग बंद असते. त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. डिझेलात किंवा रॉकेलात बुडवले की ग्रीस धुऊन निघते आणि पुन्हा भरता येत नाही. ते फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे असते.

पुढचे काम एका दिवसाचे होते. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळी केली. नवी प्लेट आणली. तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे दोनदा पाहिले, कारण उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. एक जुना शाफ्ट मधोमध घालून प्लेट केंद्रात आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. डॉवेल जागेवर बसवली. फोर्क त्याच्या टेकूवर आणि बेरिंग फोर्कच्या क्लिपांत बसल्याची खात्री केली. जिथे बेरिंग सरकते त्या नळीला बोटाने पुसट ग्रीस लावले, कारण जास्त लावले तर ते उडून प्लेटवर जाते. मग गिअरबॉक्स हाताने सरकवली. शेवटी पेडलची मोकळी चाल ठेवली. चौथे बेरिंग आजही चालू आहे.

कानाने ओळखा

म्हाताऱ्यांनी जाताना शिकवलेले आम्ही इथे देतो. कापून भिंतीला लावा.

गाडी उभी, गिअर मोकळा, इंजिन सुरू. आता ऐका.

पेडल दाबताच आवाज सुरू झाला आणि सोडताच बंद झाला, तर रिलीज बेरिंगवर संशय घ्या.

पेडल सोडलेले असताना आवाज आहे आणि दाबताच तो थांबतो, तर आवाज गिअरबॉक्सच्या पुढच्या बेरिंगचा आहे. अशा वेळी रिलीज बेरिंग बदलून काही होणार नाही.

पेडल पूर्ण दाबून गिअर टाकला, गाडी जागेवरच आहे, आणि आवाज येतो, तर फ्लायव्हीलच्या मध्यात बसलेले छोटे पायलट बेरिंगही तपासायला सांगा.

आवाज नाही, पण गिअर किरकिरतो, तर क्लच सुटत नाही. प्लेट, फोर्क, दांडी किंवा केबल पहा. तेलावर चालणारा क्लच असेल तर नळीत हवा आहे का ते आधी पहा. अलीकडच्या काही गाड्यांत मोकळी चाल ठेवायचीच नसते, बेरिंग मुद्दाम हलके टेकलेले असते. म्हणून त्या गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय काही आवळू नका.

आणि एक सूचना जिवाची. साखळी आणि टेकू भक्कम असल्याशिवाय लोंबत्या इंजिनाखाली हात घालू नका, पोरांना घालू देऊ नका. क्लचची धूळ फुंकू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

दोष कोणाचा?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. आम्हाला काही जण म्हणाले, "मेस्त्री लुच्चा होता." आम्ही म्हणतो, नाही. तो पोऱ्या दहाव्या-अकराव्या वर्षी गॅरेजवर लागला, उस्तादाच्या हातचे पाने आणि थपडा खात शिकला. त्याने जन्मात कधी सर्व्हिसचे पुस्तक पाहिले नाही. पाहिले असते तरी ते इंग्रजीत. कोणता बोल्ट किती आवळायचा, चाल किती ठेवायची, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. गाडीबरोबर मालकाला जे पुस्तक मिळते त्यात दिवे कसे लावावे आणि हवा किती भरावी एवढे असते. दुरुस्तीचे खरे पुस्तक कंपनीच्या अधिकृत गॅरेजपुरते.

हे आमचे एकट्याचे म्हणणे नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने (कापूस खरेदी करणारी सीसीआय नव्हे, ही दुसरी) चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड सुनावला. कशाबद्दल? सुटे भाग खुल्या बाजारात येऊ दिले नाहीत आणि दुरुस्तीची माहिती व अवजारे बाहेरच्या गॅरेजना दिली नाहीत, याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या, वकिलांचे भले झाले. खेड्यातल्या मेस्त्रीच्या हातात मराठी पुस्तक काही पडले नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. त्यात शेतीची यंत्रे आणि मोटारगाड्या ही क्षेत्रे घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केले. चांगले केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने तिथे फोन नंबर टाकला म्हणजे आमच्या गॅरेजात ज्ञान आले, असे होत नाही.

"हे सगळे अशक्य आहे, कंपन्या माहिती देणार नाहीत," असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पहावे. तिथल्या कोलोरॅडो राज्यात २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. यंत्राचे भाग, पुस्तके, अवजारे आणि संगणकाची प्रणाली शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेस्त्रीला देणे कंपनीवर बंधनकारक झाले. त्या राज्याच्या पूर्वेला कोरडवाहू शेती आहे आणि तिथे आपल्यासारखीच ज्वारी पिकते. ज्वारी पिकवणारा तिकडचा शेतकरी हा कायदा करून घेऊ शकतो, तर आपण का नाही?

आपलेही चुकते

आता स्वतःच्या पाठीवरही हात फिरवू. त्या संध्याकाळी मेस्त्रीच्या मानेवर बसलो होतो कोण? आम्हीच. "आजच झालं पाहिजे, उद्या कापूस भरायचा आहे," असा तगादा आम्ही लावला. दोन तास वाचवायला गेलो आणि हंगाम घालवला. गाडी चालवताना सगळा वेळ डावा पाय पेडलवर ठेवून चालवतो कोण? आपलीच पोरे. पाय टेकलेला म्हणजे बेरिंग जुंपलेले. ट्रॅक्टरवर तर अर्धा क्लच दाबून वेग सांभाळायची खोडच आहे. आणि बिल? "बिल घेतलं तर जास्त पडते" म्हणून चिठ्ठीवर काम करून घेणारेही आपणच.

आपल्या आजोबांच्या काळी वखराची पास गावच्या लोहाराकडे जायची. आजोबा भात्याजवळ बसून काम पाहायचे. पास का वाकली, दगडाने की पाणी कमी दिल्याने, हे दोघेही बोलायचे. लोहाराच्या हातातली विद्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे असायची, म्हणून फसवणूक अवघड होती. आज यंत्र आले, ते हवेच. यंत्र नको म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. पण यंत्राबरोबर विद्या आली नाही, फक्त हप्ता आला. ज्या वस्तूचा दोष आपल्याला ओळखता येत नाही ती आपल्या नावावर असते, ताब्यात नसते.

काही शिकलेली मंडळी विचारतील, शेतकऱ्याने आता नांगर सोडून गॅरेज उघडायचे काय? नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ऑपरेशन करत नाही, पण "झालं काय?" एवढे विचारतो. तेच मेस्त्रीला विचारायचे. भाग गेला हे सांगू नको, भाग का गेला ते सांग. हा एक प्रश्न विचारला असता तर आमची दोन बेरिंगे वाचली असती.

करायचे काय

पहिले. जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तो भाग घरी आणायचा. बदललेला भाग आपला आहे, त्यावर आपला पैसा खर्च झाला आहे.

दुसरे. पक्के बिल घ्यायचेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात वस्तूचे किंवा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करा. पण बिल नसेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही.

तिसरे. बिलावरचा कर वाचायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. दुकानदाराने भाव उतरवला का, हे विचारायचे.

चौथे. गाव म्हणून एक वही ठेवायची. कोणत्या गाडीचा कोणता भाग कधी गेला, का गेला, कोणी बसवला, किती टिकला. पाच गावांच्या वह्या एकत्र आल्या की कोणता भाग फुसका आणि कोणते काम पक्के, हे सांगायला कोणा कंपनीची गरज पडणार नाही.

पाचवे. सर्व्हिसचे पुस्तक मराठीत आणि योग्य किमतीत कोणालाही मिळावे, सुट्या भागांच्या किमती दुकानात लावलेल्या असाव्यात, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये खेड्यातल्या मेस्त्रींसाठी हंगामाबाहेर महिनाभराचा वर्ग चालवावा. या मागण्यांचा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. मेस्त्री मंडळींनाही बैठकीचे आमंत्रण आहे. ते आपल्याविरुद्ध नाहीत, त्यांच्याही हातातून विद्या काढून घेतलेली आहे.

आणि बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. घरात, गोठ्यात, गाडीच्या टपावर पडलेला एक जळका, तुटका भाग प्रत्येकाने घेऊन यावा. सोबत त्याचे बिल आणावे. बिल नसेल तर तसे उभे राहून सांगावे. आमची तीन बेरिंगे टेबलावर सगळ्यात आधी ठेवली जातील.